शिलाई मशीनला घातलेला हार

“बोलाय लागली! संजे, हिकडं ये, बोलाय लागली!”

आत्याची हाक ऐकून मी हातातला खराटा तिथंच टाकला आणि हॅचरच्या, म्हणजे अंडी फुटायच्या मशीनच्या, खोलीत धावले. आत्या मशीनच्या दाराला कान लावून उभी होती. अंगावर दसऱ्याची नवी हिरवी साडी, पदर कमरेला खोचलेला, डोळे मिटलेले. देवळात गाभाऱ्यापुढंसुद्धा मी तिला इतकी गप्प उभी राहिलेली पाहिलं नव्हतं. तिथं तिचं निम्मं लक्ष बाहेर काढलेल्या चपलांकडे असतं.

मीही कान लावला. आधी नुसती पंख्याची घरघर ऐकू आली. मग तिच्या आडून बारीक, अगदी बारीक, चिव... चिव... अंड्याच्या आतून येणारा आवाज. अजून कवच फुटलेलं नाही, उजेड दिसलेला नाही, आणि आतलं पिल्लू बाहेरच्या जगाशी बोलायला लागलेलं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

“ऐकलंसा का?” आत्यानं मागे वळून मामांना विचारलं.

मामा दारात उभे होते. माझ्या आत्याचे यजमान, रंगराव मामा. डोक्याला गुलाबी फेटा, पांढरा स्वच्छ सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात मिशा विंचरायचा छोटा कंगवा. कुठल्याही वादात आपण जिंकतोय असं वाटलं की मामांचा हात आपोआप त्या कंगव्याकडे जायचा. आत्ता तो कंगवा बाहेर आलेला होता.

“पोरं बोलायलीत खरी,” मामा मिशांवरून कंगवा फिरवत म्हणाले, “पर ह्या टायमाला लाइट गेल्यावर तुजं शिलाई मिशीन काय बोलतंय त्ये बगायचं हाय मला.”

“दसऱ्याला लाइट जात नाही, मामा.”

“न्हाई गेली तर पैजच लागली न्हाई आसं समजायचं,” मामा म्हणाले. “आन् परवा कराडचं पावणं येनारच हैत.”

त्या पैजेपायी गेले दोन महिने आमच्या घरात कुणाच्या घशाखाली भाकरी धड उतरत नव्हती. खरं तर माझ्याच.

विट्याच्या अलीकडे, माळावर, आत्यानं आणि मामांनी ही हॅचरी उभी केली होती. अंडी आधी सेटर नावाच्या मशीनमध्ये उबायची, आणि फुटायच्या बेताला आली की हॅचरमध्ये हलवायची. दिसायला दोन्ही म्हणजे पत्र्याची मोठाली कपाटंच. मी इस्लामपुरात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला होता आणि चार दिवस म्हणून आत्याकडे आले होते, ती इथंच रमले. वायरिंग मी केलं, बोर्ड मी बसवला. घरी आण्णांना, माझ्या वडिलांना, मात्र माझ्या लग्नाची घाई झालेली. पोरीच्या जातीनं कोंबड्यांच्या वासात किती दिवस काढायचे, असं त्यांचं म्हणणं. मामांनीच मग कराडचं स्थळ काढलं. मुलगा बँकेत, घर स्वतःचं, आणि घरात कोंबडीचं पीससुद्धा खपायचं नाही.

आणि त्याच सुमाराला जनरेटर घ्यायची वेळ आली. त्या काळी आमच्याकडे लाइट यायची ती पाहुण्यासारखी, आणि जायची मात्र घरच्यासारखी, कधीही. अंड्यांना ते चालत नाही.

मामांनी जनरेटर आधीच हेरून ठेवलेला. तालुक्यातली एक टॉकीज बंद पडली होती, तिथलं जुनं इंजिन विकायला होतं. मामा मला ते दाखवायला घेऊन गेले. राखणदारानं ते सुरू केलं मात्र, पत्र्यावरची सगळी कबुतरं एकदम उडाली. पायाखालची फरशी थरथरायला लागली. मामांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं.

“ह्येला म्हंत्यात मिशीन!” ते माझ्या कानाशी ओरडले. “आख्खं गाव चालंल ह्येच्यावर!”

“आपल्याला गाव कुठं चालवायचंय?” मीही ओरडले. “आपला सगळा लोड एकत्र केला तरी याच्या पाव हिश्शाएवढाही भरणार नाही.”

“मग काय झालं? दांडगा बैल हलकी गाडी वडत न्हाई व्हय?”

“ओढतो की. पण वैरण दांडग्या बैलाचीच खातो. डिझेलच्या इंजिनाला अंगासरसं काम लागतं, मामा. रिकामं फिरवलं तर डिझेल पितं ते पितंच, वर आतून काजळी धरतं. मग एक दिवस नेमकं गरजेला उठत नाही.”

“मग ल्हान घ्यायचं आन् त्येच्या नरड्यावर पाय द्यायचा?”

“लहानही नाही. मोटर सुरू होताना एकदम हिसका देते, चालू झाल्यावर मग शांत होते. सगळ्यांत मोठ्या मोटरचा हिसका सोसेल एवढं घ्यायचं, आणि एकेक खटका ओढायचा. एकदम नाही.”

मामांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी लग्नाच्या पंगतीत पोळ्या मोजून वाढायला सांगतेय. आत्यानं मात्र माझ्या बाजूनं कौल दिला. मी हॅचरीच्या फरशीवर खडूनं सगळा हिशेब मांडून दाखवला होता, त्यातलं तिला काय कळलं देव जाणे, पण ती म्हणाली, “पोरगी म्हनतीया त्येच आनायचं.”

नवीन जनरेटर आला तो निळ्या पत्र्याच्या डब्यात बंद होऊन. आवाज बाहेर पडू नये म्हणून तसा डबा असतो, हवा आत जायला बाजूला जाळी असते. मी किल्ली फिरवली. मामा डब्याभोवती एक फेरी मारून आले.

“आवाज कुटं हाय ह्येचा?”

“डब्यात आहे.”

“आगं, शिलाई मिशीन आनलंयस तू!” मामा हसले ते खोकला येईपर्यंत. तेव्हापासून जनरेटरचं नाव शिलाई मशीनच पडलं. डिझेल आणायला गेले तरी मामा पंपावर सांगायचे, शिलाई मशीनला हवंय. आणि त्याच आठवड्यात त्यांनी जेवता जेवता पैज लावली.

“संजे, पयली बॅच फुटताना तुज्या शिलाई मिशीननं मान टाकली, तर मुकाट्यानं कराडच्या पावण्यांपुढं पोह्याची ताटली घिऊन बसायचं.”

“आणि नाही टाकली तर?”

“न्हाई टाकली तर मी सोता आण्णाला सांगीन. पोरगी हितंच ऱ्हानार, हॅचरी बगनार. लगीन तिला वाटंल तवा.”

“मामा, शब्द?”

“रंगरावचा शब्द हाय.”

मी भाकरीवर हात ठेवून पैज घेतली. आत्यानं मामांच्या ताटात न मागता आणखी एक भाकरी टाकली, आणि मामांनी ती निमूट खाल्ली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी झाली. आमच्याकडे त्या दिवशी कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. मी सकाळी उठून बघते तर जनरेटर ओळखू येईना. निळ्या डब्यावर हळदीकुंकवाचे पट्टे, चारी कोपऱ्यांना ऊस, वर नारळ, आणि अंगभर झेंडूचे हार. एकावर एक, दाट, हाताच्या मनगटाएवढे जाड. टॉकीजच्या त्या इंजिनालासुद्धा असा थाट कधी मिळाला नसेल.

“मामा, हे तुम्ही केलंत?”

“पूजा मिशीनची आसती,” मामा दुसरीकडे बघत म्हणाले. “शिलाईचं का आसंना.”

मला हसू आलं. चेष्टेचा नवा प्रकार असेल म्हणून मी सोडून दिलं.

आता दसऱ्याच्या सकाळी मामा कंगवा खिशात ठेवत होते, तेवढ्यात डोक्यावरचा बल्ब एकदा मिचकावला. आणि विझला.

पंख्याची घरघर उतरत उतरत थांबली. इतकी शांतता झाली की अंड्यातली चिवचिव आता कान न लावताही ऐकू यायला लागली. माळापलीकडून कुणीतरी ओरडत आलं की बाभळीची फांदी पडून तार तुटलीय, संध्याकाळपर्यंत काही जोडणी व्हायची नाही.

“संजे!” आत्या म्हणाली. बाकी काही म्हणायची गरजच नव्हती.

मी जनरेटरच्या खोलीकडे पळाले. मामा माझ्या मागोमाग. मी हार काढायला हात घातला तसा त्यांनी माझं मनगट धरलं.

“हार न्हाई काडायचा. सीमोल्लंघन झाल्याबिगर पूजा मोडत न्हाईत.”

“मामा, आत पिल्लं आहेत!”

“चालू कर की. देवी काय म्हनत न्हाई. पर हार ऱ्हाऊ दे. हारानं काय व्हतंय?”

खरंच, हारानं काय होतंय? मलाही तसंच वाटलं. मामांनी नारळ उचलून बाजूला ठेवला, मशीनला हात जोडले, आणि मी किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन लागलं. त्या आवाजानं माझी छाती अशी फुलली की विचारू नका. बोर्डापाशी येऊन मी एकेक खटका ओढला. आधी हॅचरच्या पंख्याची मोठी मोटर. इंजिननं क्षणभर आवाज बदलला, सावरलं. मग सेटर. मग हीटर. मग दिवे.

“वरातीतलं पावणं मोजून सोडल्यागत करतीया,” मामा मागून म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

हॅचरच्या काचेतून आम्ही तिघं एकमेकांची डोकी सारत बघत होतो. एका अंड्यावर बारीक तडा गेला. तड्याचा तुकडा उडाला आणि त्यातून चोचीचं टोक दिसलं. मग शेजारच्यावर. मग एकदम पंधरावीसांवर, जणू कुणी आतून इशारा दिलाय. बघता बघता एकानं कवचाची टोपी उचलली, मान बाहेर काढली आणि ओलं, गबाळं, डोळे मिटलेलं असं ते अंग बाहेर टाकून पसरलं.

“आई गं!” आत्या म्हणाली आणि रडायलाच लागली. “आवो, बगा की! आवो, त्ये दुसरं बगा!”

मामा बघत होते. फेटा तिरका झालेला, तोंड उघडं. “आलं... आलं... त्ये कोपऱ्यातलं बी आलं! हाण तिच्या मारी!” ते ओरडले. मी तर नाचतच होते. ट्रेमध्ये दर क्षणाला नवं काहीतरी हलत होतं, फुटत होतं, धडपडत होतं, आणि बाहेर माझं शिलाई मशीन एका लयीत चाललं होतं. कराडचे पोहे हुकले, हा आनंदसुद्धा त्या वेळी माझ्या मनात नव्हता, इतकी मी त्या काचेला चिकटले होते.

आणि तेवढ्यात सगळं थांबलं.

पंखा, दिवे, इंजिन, सगळं. मी बाहेर धावले. जनरेटरवरचा तापमानाचा लाल दिवा लागला होता. जास्त तापलं की इंजिन स्वतःहून बंद होतं, ते झालं होतं.

मामा दारात आले. त्यांनी दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. कंगव्याला त्यांनी हात लावला नाही, हे मला नंतर आठवलं.

“दमलं गं,” ते हळू आवाजात म्हणाले.

“दमलं नाही, मामा. दमलं असतं तर धूर ओकलं असतं, दिवे मंद झाले असते. दिवे लख्ख होते. लोड त्याला जड झालेला नाही.”

“मग लाल दिवा कशाचा?”

“तापलंय.”

“ताप चडला म्हंजे दमलंच की, पोरी.”

आतून आत्याची हाक आली. अंड्याला ऊब लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण फुटायच्या वेळी गोष्ट उलटी असते. एवढ्या पिल्लांच्या अंगाची ऊब आत कोंडलेली, पंखा थांबला की ती गारठून मरत नाहीत, उकडून आणि घुसमटून मरतात. आत्यानं हॅचरची दारं सताड उघडली होती आणि स्वयंपाकघरातून सूप आणून ती जोरजोरात वारा घालत होती. काचेमागचा पारा तरी चढतच होता. नुकती बाहेर पडलेली पिल्लं चोची उघडून धापा टाकत होती, आणि जी अजून कवचात होती त्यांची चिवचिव बारीक होत चालली होती.

“पोरं गप व्हायलीत,” आत्या म्हणाली. तिच्या हिरव्या साडीवर घामाचे डाग पडले होते. “संजे, कायतरी कर. कायबी कर.”

“मी ट्रॅक्टर काडतो,” मामा म्हणाले. “टॉकीजचं मिशीन पलीकडच्या गावातल्या मंडपवाल्यानं न्हेलंय. त्येच्या पाया पडतो, पर आनतो.”

“ते येईपर्यंत काही उरणार नाही.”

“मग काय बगत बसायचं?” मामांचा आवाज फाटला. “तुज्या शिलाई मिशीननं मान टाकली, संजे! आता हट्ट सोड!”

मला रडू फुटायचंच बाकी होतं. माझा हिशेब मी मनात पुन्हा केला. पंखे, हीटर, मोटर, हिसका. कुठंच चूक नव्हती. मग इतकं तापलं कशानं? पाणी भरलेलं, ऑइल भरलेलं, सकाळीच बघितलेलं. मामा ट्रॅक्टरची किल्ली घेऊन निघाले आणि मी उगाचच मशीनकडे बघत उभी राहिले. नारळ, ऊस, हळदीकुंकू, हार.

हार.

जाळीवर जो जाडजूड हार होता, त्याचा नुसता दोरा लोंबत होता. एक फूल नाही. बोडका दोरा, आणि त्याला अडकलेले चारदोन हिरवे देठ. मी खाली बघितलं. फरशी स्वच्छ होती, मीच सकाळी झाडलेली. एक पाकळीसुद्धा नाही.

“मामा!” मी किंचाळले. “मामा, थांबा! फुलं कुठं गेली?”

मामा ट्रॅक्टरवर चढत होते, ते तसेच उतरून पळत आले. “कसली फुलं?”

“या हाराची. खाली पडली नाहीत. मग गेली कुठं?”

मी आधी किल्ली काढून आत धावत जाऊन आत्याच्या कनवटीला खोचली, कारण इंजिनात हात घालायचा तर किल्ली आपल्या माणसाकडे पाहिजे. मग डब्याचं दार उघडलं. गरम वाफेचा झोत तोंडावर आला. पंख्यावरची जाळी मी पान्यानं सोडवली, आणि मामांनी बॅटरीचा उजेड आत टाकला.

रेडिएटर हळद लागलेल्या नवरदेवासारखा पिवळाधमक झाला होता. इंजिनाच्या पंख्यानं जाळीवरचा सगळा हार पाकळी पाकळी करून आत ओढला होता, आणि पाणी शिंपडलेल्या त्या ओल्या पाकळ्या रेडिएटरच्या पत्र्यांमध्ये गच्च जाऊन बसल्या होत्या. आतून वारा जायला जागाच उरली नव्हती. आत पिल्लं घुसमटत होती, तसंच बाहेर मशीनही घुसमटलं होतं.

मामा मटकन खाली बसले.

“बसू नका, मामा! उठा! उरलेले हार काढा सगळे, ऊससुद्धा. सीमोल्लंघन मशीनचं आत्ताच झालं असं समजा.”

त्यांनी दोन्ही हातांनी हार ओरबाडले. मी बोटानं पाकळ्या काढायला गेले तर बोट आत जाईना. ते पत्रे इतके जवळ असतात, आणि इतके पातळ, की जोर लावला तर वाकतात. काडीनं प्रयत्न केला, काडी मोडली.

“आत्या! तुझी फणी!”

“काय?”

“उवा काढायची फणी! बारीक दातांची!”

आत्यानं मामांना आत ओढून सूप त्यांच्या हातात कोंबलं आणि धावत जाऊन कोनाड्यातली लाकडी फणी आणली. मी ती पत्र्यांमधून वरून खाली ओढली. पिवळ्या लगद्याचा एक पट्टा अलगद निघून आला. पुन्हा ओढली, आणखी एक. लग्नाच्या पोरीचे केस विंचरावेत तशी मी रेडिएटर विंचरत होते आणि चटके बसून बोटं लाल झाली होती.

शेजारी कुणीतरी टेकलं. मामा होते. सूप त्यांनी परत आत्याला दिलं होतं आणि खिशातला मिशांचा कंगवा बाहेर काढला होता. त्यांनी दुसऱ्या बाजूनं विंचरायला सुरुवात केली. फेटा सुटून गळ्यात आला होता, पांढरा सदरा काळा आणि पिवळा झाला होता. आतून आत्या ओरडून सांगत होती, “अजून धुगधुगी हाय! बोलत्यात अजून! हात उचला!”

आम्ही हात उचलले. खालच्या कोपऱ्यातला शेवटचा लगदा मामांनी कंगव्याच्या टोकानं उकरून काढला, त्यात कंगव्याचे दोन दात मोडले. इंजिन थोडं निवलं होतं. जाळी परत बसवली. आत्यानं बाहेर येऊन कनवटीची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

“लाग,” मामा मशीनला म्हणाले. “लाग गं माजे बाय.”

मी किल्ली फिरवली. ते लागलं.

“मामा, बोर्डावर जा तुम्ही! मी इथं तापमान बघते!”

मामा बोर्डाकडे पळाले. आयुष्यभर सगळे खटके तळहातानं एकदम वर लोटणारा तो माणूस, तिथून मान काढून मला ओरडून विचारत होता, “वडू का पयला?” “ओढा!” “दुसरा वडू?” “थांबा... आता ओढा!” “तिसरा?” “ओढा, मामा, ओढा!” प्रत्येक खटक्याला ते माझ्याकडे बघायचे आणि मी हात वर केला की मगच ओढायचे. पंखा फिरला. मशीन एकदा दबलं, सावरलं, चालायला लागलं. मी लाल दिव्याकडे बघत बसले होते. तो लागला नाही.

मग आतून आधी एक चिव आली. मग दोन. मग आत्याचं हसणं, आणि ते हसणं बुडवून टाकणारा चिवचिवाटाचा असा कालवा की खोलीतल्या पत्र्यांवर पाऊस पडतोय असं वाटावं. दारं लावून घेऊन आम्ही पुन्हा काचेला नाकं लावली. काही पिल्लं गेली होती. ती आत्यानं पदरात बाजूला ठेवली होती. पण ट्रेच्या ट्रे पिवळे झाले होते, ओली पिल्लं सुकून फुगायला लागली होती, एकमेकांच्या पाठीवर चढत होती. दुपारभर मशीन चालत राहिलं. संध्याकाळी तार जोडून लाइट आली तरी ते बंद करायला माझा हात धजेना.

बाहेर ओट्यावर मामा बसले होते. मी जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. माझ्या जिवात जीव आला होता, आणि त्याबरोबर कराडचे पाहुणेही आठवले होते.

“मिशीननं मान टाकली का न्हाई?” मामांनी विचारलं.

“टाकली,” मी म्हणाले. खोटं बोलणं जमलं नाही.

“मग पैज कुनी जितली?”

“तुम्ही.”

मामा उठले. आमच्याकडे मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर यायची. ते शिडीनं टाकीवर चढले. तिथं वारा असल्यामुळे फोनवर ओरडूनच बोलावं लागायचं, त्यामुळे मामांचं प्रत्येक बोलणं माळावरच्या सगळ्यांना ऐकू जायचं.

“पावणं!” मामा माझ्या वडिलांना सांगत होते. “दसऱ्याचा रामराम! ऐका, कराडवाल्यांना यिऊ नगा म्हनून सांगा! ... न्हाई, पोरीनं काय केलं न्हाई! ... व्हय, मी पैज हारलो! ... कशी काय म्हंजे, हारलो! पोरगी हितंच ऱ्हानार, लगीन तिला वाटंल तवा! ... आवो, मिशीननं मान टाकली न्हाई, मीच त्येचं नरडं दाबलं!”

मी तिथंच ओट्यावर बसले आणि इतका वेळ आवरलेलं रडू मोकळं केलं. आत्या येऊन शेजारी बसली. तिनं माझी भाजलेली बोटं हातात घेतली आणि तुपाचा हात फिरवला.

“हार कवा केलं ठावं हाय का तुला?” ती म्हणाली. “पाटं उठून, सोता रानात जाऊन, झेंडू तोडून आनला त्येंनी. मी म्हनलं, इवलुशा मिशीनला यवडं हार कशाला? तर म्हनले, द्वारके, ट्रॅक्टरला कमी घातलं तरी चालंल, पर ह्ये मिशीन चालाय पायजे. मी हारलो पायजे. पोरगी हितं हाय तर घराला घरपन हाय.”

मी टाकीकडे बघितलं. मामा फोन खिशात ठेवून सावकाश शिडी उतरत होते.

“मग पैज कशाला लावली त्यांनी?”

“तोंडानं सांगता आलं आसतं तर लावली आसती व्हय?” आत्या म्हणाली.

त्या संध्याकाळी मामा सीमोल्लंघनाहून आपट्याची पानं घेऊन आले. पहिलं सोनं त्यांनी आत्याला नाही, मला नाही, निळ्या डब्यावर ठेवलं. जाळीपासून चांगलं हातभर लांब. मग वाकून त्यांनी फुंकर मारून खात्री केली की पान उडत नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. हॅचरी मोठी झाली, सेटर वाढले, शिलाई मशीनच्या जागी त्याचं थोरलं भावंड आलं. लगीन मी मला वाटलं तेव्हा केलं. आसपासच्या गावांतले लोक जनरेटर घ्यायचा म्हटलं की आधी माझ्याकडे येतात, केवढा घेऊ म्हणून विचारतात. मी त्यांना लोड मोजायला सांगते, सगळ्यांत मोठी मोटर कुठली ते विचारते, रिकामं इंजिन काजळी धरतं तेही सांगते. आणि शेवटी विचारते, खंडेनवमीला हार कुठं घालणार?

लोक हसतात. मग मी त्यांना जनरेटरच्या खोलीत नेऊन खिळ्याला टांगलेली लाकडी फणी दाखवते, आणि तिच्या शेजारचा दोन दात मोडलेला कंगवाही. मामा तिथं असले, तर ते त्या वेळी काहीतरी काम आठवून हळूच बाहेर निघून जातात.